राजद्रोह, बंड की नुसता कट?

प्रश्न
एका लेखाचं भाषांतर करतोय आणि एका शब्दापाशी तीन दिवस अडलोय. 6 जानेवारी 2021 ला वॉशिंग्टनच्या संसदभवनावर जमाव चालून गेला. त्या प्रकरणात 'ओथ कीपर्स' या अतिउजव्या गटाचा म्होरक्या स्टुअर्ट ऱ्होड्स 'सेडिशस कॉन्स्पिरसी'त दोषी ठरला, 18 वर्षांची शिक्षा झाली. कायदा 1861 चा, तिथलं यादवी युद्ध पेटलं तेव्हाचा. मी 'राजद्रोहाचा कट' लिहिलं. संपादकबाईंनी समासात लाल शाईने विचारलं, "राजा कुठला?"

मास्तर
राजा नसला म्हणून काय झालं? राजपत्र निघतं, राजभाषा आहे, राजदूत नेमतो. तिथे कुठे मुकुट लागतो? बाईंची हरकत काढून टाका, पण शब्दही काढून टाका. मराठीत राजद्रोह म्हटलं की टिळक आठवतात. 1897 च्या खटल्यात न्या. स्ट्रॅची यांनी सरकारबद्दल प्रीती नसणं म्हणजेच अप्रीती, असा अर्थ लावला आणि केसरीतल्या मजकुरावरून दीड वर्षाची सजा झाली. 1908 ला पुन्हा तेच कलम आणि मंडाले. आपल्याकडे हा लेखणीचा गुन्हा आहे, आणि तो अंगावर घेणाऱ्याला मान मिळतो. ऱ्होड्सला तो फुकटात कशाला द्यायचा?

कोर्टातला
मास्तरांशी सहमत. आपल्या जुन्या दंडसंहितेतल्या राजद्रोहाच्या कलमाची, 124-अ ची, सुरुवातच बोललेल्या-लिहिलेल्या शब्दांपासून होती. अमेरिकन कलमाला दोन गोष्टी लागतात: दोघा किंवा अधिक जणांचा कट आणि बळाचा वापर करायचा इरादा. मग ते सरकार उलथवायला असो, एखाद्या कायद्याची अंमलबजावणी अडवायला असो, की सरकारी मालमत्ता बळकावायला. कमाल शिक्षा 20 वर्षं. 'देशद्रोह'ही नको. तो तिथे वेगळा गुन्हा, थेट राज्यघटनेत व्याख्या केलेला, आणि एकाच कृत्याचे दोन साक्षीदार किंवा भर कोर्टात कबुली लागते.

विळीभोपळा
'बंड' का नको? छान दोन अक्षरी आहे.

मास्तर
बंडाची धार गेली हो. तिकीट नाकारलं की बंडखोर उमेदवार, आणि अर्ज मागे घेतला की बंड थंड. 'उठाव' म्हणावं तर कांद्यालाही उठाव असतो. 'फितुरी' मला फार आवडतो, पण ऱ्होड्सच्या काही साथीदारांनी गुन्हा कबूल करून सरकारपक्षाला मदत केली. मग फितूर कोण, हे सांगणाऱ्यावर अवलंबून!

प्रश्नकर्ता
पुढचा घोळ. लेखात ऑरेगनमधलं मॅल्हर प्रकरणही आहे. जानेवारी 2016 मध्ये अमन बंडी आणि साथीदारांनी बंदुका घेऊन सरकारी पक्षी अभयारण्याच्या कचेऱ्या 41 दिवस अडवल्या. तिथे आरोप होता अधिकाऱ्यांना काम करू न देण्याच्या कटाचा. मी 'सरकारी कामात अडथळा' लिहिलं.

कोर्टातला
अहो, ते वाचून डोळ्यांसमोर तहसील कचेरीतली, जुन्या दंडसंहितेच्या 353 कलमाची पाटी येते आणि तलाठ्याची कॉलर धरणारा माणूस! भाषांतर चूक नाही, वजन चुकतं. हे कलमही त्याच 1861 च्या कायद्यातून आलेलं, शिक्षा सहा वर्षांपर्यंत. गंमत बघा, सरकारी मालमत्ता बळाने ताब्यात घेणं ऱ्होड्सला लावलेल्या मोठ्या कलमात शब्दशः बसत होतं, पण सरकारी वकिलांनी धाकटं लावलं. त्यातही कर्मचाऱ्यांना रोखायचा कट झाला, हे सिद्ध करावं लागलं. आम्ही जमिनीच्या हक्कासाठी आलो, असा बचाव झाला आणि ऑक्टोबरमध्ये ज्यूरीने बंडी बंधूंसह सात जणांना सोडलं. 'अधिकाऱ्यांना धाकाने रोखण्याचा कट' लिहा. लांब आहे, पण खटला ज्यावर फिरला ते त्यात आहे.

विळीभोपळा
आणि त्यांना 'आंदोलक' म्हणू नका. आंदोलक ठिय्या देतो, घरून आणलेली भाकरी सोडतो. रायफल घेऊन बसतो तो ठिय्या नव्हे, कब्जा.

प्रश्नकर्ता
'कब्जा' घेतला. आणि ऱ्होड्ससाठी 'सरकारविरुद्ध सशस्त्र कट' करतो. चालेल?

कोर्टातला
'सशस्त्र' नको. कलमात बळ आहे, शस्त्राची अट नाही. या खटल्यात तर तोच मुद्दा आहे. त्यांच्या रायफली पोटोमॅक नदीपलीकडे, व्हर्जिनियातल्या एका हॉटेलात ठेवल्या होत्या. वेळ आली तर आणायच्या म्हणून. आणल्या नाहीत, तरी कट सिद्ध झाला. 'सरकारविरुद्ध बळाचा कट' लिहा.

मास्तर
'बळाचा कट' कानाला जरा मुका लागतो. 'सरकारविरुद्ध बळ वापरण्याचा कट' असं करा.

प्रश्नकर्ता
केलं. शेवटचं वाक्य तपासून द्या: "20 जानेवारी 2025 ला ट्रम्प यांनी ऱ्होड्स आणि 'प्राउड बॉइज' या दुसऱ्या गटाचा म्होरक्या टारिओ या दोघांना माफी दिली."

कोर्टातला
थांबा. त्या दिवशी माफी टारिओला मिळाली, 22 वर्षांची शिक्षा होती त्याची. ऱ्होड्सची फक्त शिक्षा संपवली. शिक्षा संपवली म्हणजे दोष पुसला असं होत नाही. एकाला 'माफी', दुसऱ्याला 'शिक्षेत सूट'.

प्रश्नकर्ता
बरं झालं विचारलं. बाईंची लाल शाई एका ओळीपुरती वाचली.