घर आत्ताच मुलाच्या नावावर करून द्यावं का?

जुळेसोलापूरचे_गुरुजी

मंडळी, दिवाळीपासून डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. वय ६७. शाळेतून निवृत्त होऊन ९ वर्षं झाली. जुळे सोलापुरात घर आहे, माझ्या पगारातून आणि हिच्या शिवणकामातून बांधलेलं. मुलगा पुण्यात, मुलगी लातूरला. दिवाळीत मुलगा म्हणाला, "बाबा, घर आत्ताच माझ्या नावावर करून टाका. मुद्रांक शुल्क २०० रुपये लागतं. नंतर कागदांसाठी वणवण नको." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. पोरगं गुणाचं आहे.

हिला मात्र पटलेलं नाही. त्याच्यासमोर ती काही बोलली नाही. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही रात्री-अपरात्री. त्या रात्री अडीचला नळाचा सूं-सूं आवाज आला, तसे दोघंही उठलो. मी हौदाचं झाकण सरकवलं, हिनं बॅटरी धरली. पाणी चढताना बघत ती म्हणाली, "घर त्याचं झाल्यावर आपण इथं कुणाच्या घरी पाणी भरायचं?" मला उत्तर सुचलं नाही.

माझा कल देऊन टाकण्याकडे आहे. जाताना बरोबर काय न्यायचंय? तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा.

साखरपेठकर

सर, अजिबात करू नका. आमच्या घरातलंच सांगतो.

अप्पा गिरणीत होते. गिरणी बंद पडली. म्हातारपणी पेन्शन महिन्याला हजार-बाराशे, आणि मालमत्ता म्हणजे एकच घर. २०१६ साली थोरल्या भावाला बक्षीसपत्र करून दिलं. भाऊ वाईट नाही, वहिनीही नाही. कुणी उपाशी ठेवलं नाही, कुणी हात उगारला नाही. फक्त घरातला सूर बदलला. लाईट बिलावरचं नाव बदललं, मग दारावरची पाटी बदलली. जानेवारीत अप्पांनी नवं कॅलेंडर लावायला खिळा ठोकला, तर भाऊ म्हणाला, "अप्पा, विचारून तरी ठोका की, आत्ताच रंग दिलाय." अप्पांनी पकडीनं खिळा उपसला, भोकात बोटानं चुना भरला आणि कॅलेंडर गादीखाली ठेवलं. शेवटपर्यंत एकादशी बघायची असली की गादी उचलून बघायचे.

कुठल्या कलमात बसतंय हे? तुमच्याकडच्या वहिनी बरोबर बोलूलालेत, त्यांचं ऐका.

संध्याकाळची_हुतात्मा

मी पुण्यात नोकरी करणारा मुलगा आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. पंधरा दिवसांनी शुक्रवारी हुतात्मा एक्सप्रेस पकडून सोलापूरला येतो. आई एकटी आहे.

वडील अचानक गेले. बक्षीसपत्र नव्हतं, मृत्युपत्रही नव्हतं. "माझी मुलं भांडणारी नाहीत," असं म्हणायचे, आणि खरंच आम्ही भांडलो नाही. तरीही मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, नाव लागायला दोन वर्षं गेली. वारसांचे कागद, दोन बहिणींचं हक्कसोडपत्र, त्यातली एक परदेशात, तिथून मुखत्यारपत्र. रजा संपल्या. आई दर वेळी विचारायची, "झालं का रे?" तिला वाटायचं, आता कुणीतरी घर काढून घेणार.

अजून एक. माझ्या मामांना विसरण्याचा आजार झाला. सही करायला बसवलं, तर स्वतःचं नाव आठवेना. त्यानंतर काहीच करता येईना. म्हणून मुलगा "आत्ताच करा" म्हणाला की लगेच त्याची नियत वाईट समजू नका. आईवडिलांचे कागद निस्तरणं काय असतं, ते आम्हीच बघतो. चांगल्या मुलाकडेही संशयानं बघितलं, तर त्यालाही लागतं.

साखरपेठकर

भाऊ, माझ्या थोरल्याची नियतही चांगलीच होती. तेच तर सांगतोय.

कोर्टाच्या_पायरीवरून

मी वकिली करते, या कागदांत रोज हात असतो. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय.

बक्षीसपत्र म्हणजे आज दिलं. नोंदणी सक्तीची, आणि मन बदललं म्हणून एकट्यानं रद्द करता येत नाही. राहतं घर मुलाला, मुलीला, नवरा-बायकोला किंवा नातवंडाला दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, हे खरं आहे. स्थानिक अधिभार वेगळा धरा. पण स्वस्त आहे म्हणून करायचा हा कागद नव्हे.

मृत्युपत्र म्हणजे आपल्या मागे द्यायचं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक, आणि शुद्धीत असेपर्यंत कितीदाही बदलता येतं. सोलापुरातल्या घरासाठी प्रोबेट, म्हणजे कोर्टाकडून मृत्युपत्रावर शिक्कामोर्तब, सक्तीचंही नाही. हुतात्मावाल्या भाऊंनी सांगितलेला त्रास मृत्युपत्र नसल्याचा आहे, बक्षीसपत्र नसल्याचा नाही.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि मुलानं सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द करून घेता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात करायचा. मात्र ती अट असायला हवी. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर बोट ठेवलं. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयानं कायद्याचा उदार अर्थ लावला आणि घराचा ताबा आईला परत देवविला. तरीही माझ्याकडे येणाऱ्या दहा बक्षीसपत्रांपैकी नऊंमध्ये ही अट नसते. "मुलाला वाईट वाटेल" म्हणून वडीलच ती ओळ काढायला लावतात. ती ओळ मी टाइप करते आणि त्यांच्यासमोरच खोडते. फार जड जातं.

द्यायचंच असेल, तर दोघांचा तहहयात राहण्याचा हक्क आणि सांभाळण्याची अट, दोन्ही लिहून घ्या. माझा सल्ला मृत्युपत्राचाच आहे.

माहेर_बाळीवेस

एवढं सगळं वाचलं, पण लातूरच्या लेकीबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. गुरुजी, तुम्ही तिला विचारलंत का? घर तुमच्या कमाईचं आहे, कुणालाही द्या, कायदा अडवत नाही. पण तिला बाहेरून कळू देऊ नका. मला माझ्या माहेरच्या घराचं भाडेकरूकडून कळलं. मला वाटा नको होता. गड्ड्याच्या जत्रेला आले की कुठं उतरायचं, एवढंच माझ्या मनात आलं. त्या वर्षी नंदीध्वजांची मिरवणूक बघून रात्रीच्या एसटीनं परत गेले.

संध्याकाळची_हुतात्मा

वकीलताई, मुद्दा मान्य. पण भावकीतल्या एकानं जरी हरकत घेतली, तरी मृत्युपत्र असूनही फेरफार, म्हणजे नावाची नोंद बदलणं, अडतंच, हे तुम्हालाही माहीत आहे. नोंदणी केलेलं बक्षीसपत्र त्या मानानं पक्कं. माझं मत तेच आहे, द्यायचं तर हातानं द्यावं. बाळीवेसच्या ताईंनी लेकीबद्दल लिहिलं ते मात्र मनाला लागलं. माझ्या बहिणींनी हक्क सोडला, तेव्हा मीही त्यांना नीट बसवून विचारलं नव्हतं. सह्या कुठं करायच्या, तेवढं सांगितलं.

जुळेसोलापूरचे_गुरुजी

सगळ्यांचं हिला वाचून दाखवलं. कॅलेंडरचं आलं, तिथं तिनं थांबवलं आणि परत वाचायला लावलं.

लेकीला विचारलं नव्हतं, हे खरं आहे. काल फोन केला. म्हणाली, "बाबा, घराचं तुम्ही ठरवा, पण आईचं नाव कुठंय?" घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. हिनं रात्र-रात्र मशीन चालवून विटांचे पैसे फेडले, आणि तीस वर्षांत मला हे सुचलं नाही.

मुलाशीही बोललो. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मला फक्त कागद नीट हवेत, घर नको." संक्रांतीला गड्ड्यासाठी दोघांनाही बोलावलंय. बक्षीसपत्र करायचंच, पण हिच्या नावानं. निम्मं घर तिचं. माझ्या निम्म्याचं मृत्युपत्र. तिच्या निम्म्याचं काय करायचं, ते ती ठरवेल.

वकीलताई, मृत्युपत्राला दोन साक्षीदार एकाच वेळी हजर लागतात का? शेजारचे काका सकाळीच मोकळे असतात, डॉक्टर संध्याकाळी.

कोर्टाच्या_पायरीवरून

एकाच वेळी लागतातच असं नाही. पण दोघांनीही तुम्हाला सही करताना बघितलेलं असावं, नाहीतर ती सही तुमचीच, हे त्यांना तुमच्या तोंडून कळलेलं असावं. मग त्यांनी तुमच्यासमोर सही करायची. जमलं तर रविवारी दोघांना एकत्रच बसवा. डॉक्टर साक्षीदार आहेतच, तर तुम्ही पूर्ण शुद्धीत आहात असा दाखलाही त्याच दिवशीच्या तारखेनं घ्या. काकूंच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क तेवढंच, २०० रुपये. येताना मूळ खरेदीखत आणि मिळकत पत्रिकेचा ताजा उतारा आणा.