मदत हवी आहे: गावच्या निवडणुकीत वडिलांची झोप उडाली आहे, त्यांना कसं सांभाळू?

नमस्कार मंडळी. माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, सासर जळगाव. गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आहे आणि त्यात आबांची, म्हणजे वडिलांची, तब्येत ढासळत चालली आहे.

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पॅनल असतात. सरपंच थेट लोकांतून निवडायचा, म्हणून सगळी चुरस त्या एका जागेवर. यंदा दोन्ही पॅनलचे सरपंचपदाचे उमेदवार माझे चुलतभाऊच आहेत, एक मोठ्या काकांचा, एक धाकट्या काकांचा. दोन्ही काका लवकर गेले. या दोघांच्या शाळा, लग्नं, सगळं आबांनीच पाहिलं. आता दोघंही रोज घरी येतात, नाहीतर बायकोला पाठवतात. प्रश्न एकच: "आबा, तुम्ही कोनाकडे शेतस?" एकानं तर कुलदेवीच्या फोटोवर हात ठेवून शपथ घ्या म्हटलं. आबांनी घेतली नाही, पण त्या रात्री ते जेवलेही नाहीत.

आई सांगते, मध्यरात्री उठून अंगणात फेऱ्या मारतात. मोबाइल उशाशीच. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या घरातल्या जुन्या गोष्टी उकरून काढतात, आणि ती दोन्ही घरं आमचीच. बीपीची गोळी कधी घेतात, कधी राहते. शेतात दादर (ज्वारी) पाहायला जाणं बंद. थंडीत मळ्यात भरीत-पुरीचा बेत म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण यंदा आमंत्रण आलं तरी जात नाहीत. कोणाच्या मळ्यात बसून जेवले, त्यावरूनही हिशेब लावतात लोक.

विहीर तिन्ही घरांची सामाईक आहे, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. निकालानंतर या पाळ्यांचं काय होईल, हीच भीती त्यांना खाते आहे असं मला वाटतं.

त्यांना मतदानापर्यंत जळगावला आणावं का? आणलं तर "आबा पळाले" म्हणतील, आणि ते त्यांना फार लागेल. मोबाइल काढून घेणं मला पटत नाही, ते घरातले कर्ते आहेत. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणतात, "माले काय येड लागनं का?" कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद (शिरपूरहून)

ताई, आधी गोळीचं बघा. बीपी मोजायला जायचं एवढंच सांगून नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या आणि झोपेचं, जेवणाचं तुम्ही स्वतः डॉक्टरांच्या कानावर घाला. छातीत दुखलं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर मात्र त्याच क्षणी दवाखाना गाठा. झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त गेली असेल आणि कशातच मन लागत नसेल तर अंगावर काढू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आबा तयार नसतील तर आधी तुम्ही फोन करा. घरच्यांनीही विचारलेलं चालतं.

मी स्वतः मोठ्या मुलाच्या नात्यानं आमच्याकडे एक केलं होतं. दोन्ही उमेदवारांना एकत्र बसवलं, वडिलांसमोर नाही, आणि सांगितलं की मत गुप्त असतं, यापुढे त्यांना कोणी विचारायचं नाही, भेटायचं तर तब्येत विचारायला या. तुमच्याकडे हे तुमच्या आईनं किंवा दोन्ही वहिन्यांनी केलं तर जास्त चालेल. पाण्याच्या पाळ्यांचा शब्द मात्र दोघांकडून मतदानाच्या आधीच घ्या, आणि तो आबांच्या समोर.

ग्रुप फक्त म्यूट करा, तोही त्यांना विचारून. जळगावला आणायचं तर नातवंडांसाठी म्हणून दोन दिवस आणा आणि मतदानाआधी परत पोहोचवा, म्हणजे पळाले म्हणायला जागा राहणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, खूप आभार. पाळ्यांचा शब्द आधी घ्यायचा हे सुचलंच नव्हतं. वहिन्यांशी आजच बोलते. मतमोजणी तहसीलला असते, त्या दिवशी आबांना घरी कसं थांबवायचं, तेही कोणी सांगाल का?