बाकाला चाळीस मिनिटं, कुंपणाला तीन: पॅरिश कौन्सिल नक्की कशासाठी?

ओलाचिंब

इंग्लंडच्या मिडलंड्समधल्या एका खेड्यात आम्ही सहा वर्षं राहतोय. साडेचारशे घरं, एक पब, एक शाळा, दिवसाला चार बसेस आणि एक पॅरिश कौन्सिल, म्हणजे इथली ग्रामपंचायत. परवा पहिल्यांदाच कौन्सिलच्या बैठकीला गेलो आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, ही ग्रामपंचायत नव्हे, पोस्ट ऑफिस आहे. तक्रार घ्यायची, शिक्का मारायचा, पुढे पाठवायची.

माझं काम साधं होतं. शाळेच्या वाटेवर एका घराचं काटेरी कुंपण फुटपाथवर इतकं आलंय की बाबागाडी रस्त्यावर उतरवावी लागते. त्या रस्त्याला ताशी ३० मैलांची मर्यादा आहे, ती पाळणारा अजून दिसायचाय. बैठक गावच्या हॉलमध्ये. दमट वास, भिंतीला लावलेल्या खुर्च्यांची चळत, आपली आपण काढून घ्यायची. सुरुवातीची पंधरा मिनिटं गावकऱ्यांची, माणशी तीन. गावकरी आम्ही दोघंच, मी आणि दर महिन्याला न चुकता येणाऱ्या एक आजी. मी बोललो, अध्यक्षांनी आभार मानले. मग उत्तर: कुंपण घरमालकाचं, फुटपाथ काउंटीचा (म्हणजे वरच्या मोठ्या कौन्सिलचा), वेग पोलिसांचा. शिवाय आता जून, कुंपणात पक्ष्यांची घरटी असणार, तेव्हा सप्टेंबरपर्यंत थांबलेलं बरं. नोंद घेतली आहे.

मी तेव्हाच निघणार होतो, पण बाहेर पाऊस. पुढचा विषय, हिरवळीवरचा नवा बाक. कुणा दिवंगत गृहस्थांच्या स्मरणार्थ मुलांनी दिलेला. त्याचं तोंड तळ्याकडे करायचं की चर्चकडे? चाळीस मिनिटं! घड्याळ लावून मोजली. एक सदस्य म्हणाले, तळ्याकडे केलं तर बसणाऱ्याची पाठ युद्धस्मारकाला येते, ते बरं दिसत नाही. शेवटी ठरलं काय, तर सगळ्यांनी एकदा जागेवर जाऊन बघायचं.

जागा नऊ, सदस्य सहा, त्यातले चार को-ऑप्ट करून, म्हणजे मतदानाविना कौन्सिलनेच नेमून घेतलेले. दर चार वर्षांनी निवडणूक जाहीर होते, पण उमेदवारच जागांपेक्षा कमी, मग मतदान कसलं? तरी यांचा प्रीसेप्ट, म्हणजे घरांवरच्या स्थानिक करातला पॅरिशचा हिस्सा, कौन्सिल टॅक्सच्या बिलात दर वर्षी चढतो. काउंटीला आणि डिस्ट्रिक्टला (काउंटी आणि पॅरिशच्या मधली कौन्सिल) ठरावीक टक्क्यांवर कर वाढवायचा तर सार्वमत घ्यावं लागतं. पॅरिशला ती अट आजवर लावलेलीच नाही. माझं मत: गुंडाळा हे सगळं आणि क्लार्कचा, म्हणजे कौन्सिलच्या सचिवाचा, पगार खड्ड्यांत घाला. म्हणजे खड्डे बुजवायला.

म्हापशेकर

पॅरिश म्हटल्यावर मला वाटलं फेस्ताची तयारी करणारी मंडळी. बैठकीला पाद्री असतो का हो?

कारभारीण

@म्हापशेकर, नाही, नाव तेवढं चर्चचं राहिलं. पूर्वी चर्चची सभाच गरिबांची सोय, गावचे रस्ते वगैरे बघायची. १८९४ च्या कायद्याने गावकारभार वेगळा काढला आणि त्यासाठी निवडून दिलेली कौन्सिल आली. त्याच कायद्याने बायकांना, लग्न झालेल्यांनासुद्धा, पॅरिश कौन्सिलला उभं राहता आलं. पार्लमेंटला उभं राहायला १९१८ उजाडावं लागलं. म्हणजे पार्लमेंटच्या कितीतरी आधी इथलं दार उघडलं.

@ओलाचिंब, मी दुसऱ्या एका गावात तीन वर्षं सदस्य आहे, को-ऑप्टेडच, तेव्हा तुमचा चिखल माझ्याही अंगावर उडालाय. पगार नाही, मानधन नाही. बाकावर हसा खुशाल, पण बाक कौन्सिलच्या हातात आहे आणि कुंपण नाही. हातात जे असतं त्यावरच माणूस जास्त बोलतो. घरी पडद्याच्या रंगावर किती वेळ जातो?

आता आमच्या हातात काय आहे ते सांगते. मुलांचं मैदान: दर आठवड्याला कुणीतरी जाऊन झोपाळ्याच्या साखळ्या ओढून बघतं, वहीत सही करतं. ॲलॉटमेंट, म्हणजे भाड्याने द्यायच्या भाजीच्या वाफ्यांची जमीन. बसथांब्याची शेड, गावातले काही दिवे, दफनभूमी. लाल टेलिफोनचा डबा टेलिफोन कंपनीकडून एक पौंडाला घेतला, त्यात आता हृदय बंद पडलं तर झटका द्यायचं यंत्र आहे. त्याची बॅटरी कोण तपासतं असं वाटतं तुम्हाला? काउंटी?

आणि मिठाची पेटी, रस्त्यावरच्या बर्फावर टाकायच्या मिठाची. आमच्याकडे चढावर दर हिवाळ्यात गाड्या घसरतात. काउंटी म्हणाली, पेटी तुम्ही घ्या, मीठ आम्ही भरू. पेटी घेतली. मीठ यायला तीन महिने आणि अकरा ईमेल लागले. पहिला बर्फ पडला त्या सकाळी सहाला मी आणि एक निवृत्त गवंडी फावडं घेऊन तिथे होतो. हातमोजे ओले, मिठाचे खडे नखांत. हे पोस्ट ऑफिसचं काम असेल तर असो.

फुकटचा_सल्ला

मिठाबद्दल आदर आहे. पण या कौन्सिलींचा खरा जिव्हाळ्याचा विषय एकच, नवी घरं नकोत. प्लॅनिंगचा, म्हणजे बांधकाम परवानगीचा, अर्ज आला की पॅरिशचं मत मागवतात, आणि मत कायम ठरलेलं: रस्ता झेपणार नाही, गटार झेपणार नाही, गावाचं रूप बिघडेल. निर्णय डिस्ट्रिक्ट घेतं, त्यामुळे विरोध करायला यांना काही खर्च नाही. ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी शेतावर बांधलेली घरं घेतली तेच शेजारच्या शेताच्या काळजीने रडतात. आपली पोरं भाडं भरत बसतात.

गंमत पुढे आहे. घरं झालीच, तर जिथे नव्या बांधकामावर कम्युनिटी इन्फ्रास्ट्रक्चर लेव्ही नावाची आकारणी लागू आहे तिथे तिचा १५ टक्के हिस्सा पॅरिशला मिळतो. गावाने सार्वमत घेऊन स्वतःचा नेबरहूड प्लॅन, म्हणजे कुठे काय बांधायचं याचा आराखडा, मंजूर केला असेल तर २५ टक्के. म्हणजे नको असलेल्या घरांच्या पैशांतून नवी घसरगुंडी!

आणि हँडफर्थची पॅरिश कौन्सिल विसरू नका. डिसेंबर २०२० ची ती झूम बैठक, फेब्रुवारीत जगाने बघितली. बैठक सांभाळायला आलेल्या जॅकी वीव्हर बाईंनी आरडाओरडा करणाऱ्या अध्यक्षांनाच बैठकीतून बाहेर काढलं आणि उरलेले गृहस्थ स्टँडिंग ऑर्डर्स (बैठकीचे नियम) वाचा म्हणून किंचाळत होते. लोकांना तो विनोद वाटला. मला तो सरासरी मंगळवार वाटला.

हिशेबनीस

मी एका पॅरिशची क्लार्क आहे, आठवड्याला बारा तासांची. या यंत्रणेत पगार घेणारी बहुतेक ठिकाणी एकटी क्लार्कच असते, तेव्हा खड्ड्यात जायच्या आधी दोन शब्द.

एक. बैठकीच्या आधी पूर्ण तीन दिवस अजेंडा लावावा लागतो, बैठकीचा आणि लावण्याचा दिवस न धरता. फळ्यावर काचेआड जो कागद दिसतो तो हाच. त्यावर जो विषय नाही त्यावर कौन्सिलला निर्णयच घेता येत नाही. म्हणजे सहाच्या सहा सदस्यांना तुमचं कुंपण त्याच रात्री कापायचं असतं तरी ठराव बेकायदा ठरला असता. बैठकीच्या दहाएक दिवस आधी क्लार्कला ईमेल करायचा, विषय अजेंड्यावर घ्या म्हणून. हे कुणी सांगत नाही ही आमची चूक.

दोन. पक्ष्यांचं कारण तुमच्या कौन्सिलने अर्धवट सांगितलं. मार्च ते ऑगस्ट छाटणी बंद हा नियम शेतातल्या कुंपणांचा आहे, आणि त्यातही रस्ता अडत असेल तर सूट आहे. चालू घरटं मोडणं हा गुन्हा, तो वेगळा आणि तो कायमच. तेव्हा आधी घरटं आहे का ते बघायचं, नसेल तर फुटपाथच्या बाजूने छाटायचं. मालक ऐकत नसेल तर १९८० च्या हायवेज ॲक्टखाली काउंटी नोटीस देऊ शकते, चौदा दिवसांची. नाही कापलं तर स्वतः कापून मालकाकडून खर्च वसूल करते. हे तुमच्या क्लार्कला माहीत असायला हवं होतं.

प्रीसेप्ट गुपचूप वाढत नाही. तो ठराव जाहीर बैठकीत होतो, बहुधा जानेवारीत, आणि त्या रात्री हॉलमध्ये गावकऱ्यांच्या खुर्च्या चळतीतच राहतात. दर उन्हाळ्यात कामकाजाचे तीस दिवस आमची सगळी खाती, बिलं, पावत्या कुणीही बघू शकतं. पाच वर्षांत माझ्याकडे एक गृहस्थ आले. त्यांना गवत कापणाऱ्याचा दर हवा होता, स्वतःच्या बागेसाठी.

वाळवेकर

मी सांगली जिल्ह्यातला, गावात दहा वर्षं ग्रामपंचायत सदस्य होतो. सध्या मुलाकडे आलोय. त्याच्या गावची एक बैठक मीही बघितली, भाषा निम्मी कळली, कारभार पुरा कळला.

बिनविरोध निवडणूक आमच्याकडे झाली तर पेपरात फोटो येतो, गाव एक झालं म्हणून. तुमच्याकडे ती उमेदवार नाहीत म्हणून होते. आमच्याकडे एका वॉर्डसाठी भाऊबंद वर्षभर बोलत नाहीत. उत्साहाचा निम्मा भाग इकडे पाठवता आला असता तर दोन्हीकडे बरं झालं असतं.

पैशाचं मात्र तुमचं बरं आहे. आमची घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली असते आणि मोठा निधी वरून येतो, वित्त आयोगाचा. त्यात बंधित (नेमून दिलेल्या कामांपुरता) किती, अबंधित किती हे वरच ठरलेलं. पॅरिशने मागितलेला पैसा गावाचाच, गावातच. शिवाय आमच्याकडे खड्डा ग्रामपंचायतीचा की झेडपीचा की बांधकाम खात्याचा यावर भांडण, तोवर पावसाळा. तुमच्याकडे निदान खड्डा कुणाचा हे ठरलेलं आहे.

पण @कारभारीण ताई, एक गोष्ट पटली नाही. आमच्याकडे पाणी ग्रामपंचायतीचं. दोन दिवस नळ आला नाही की बाया रिकामे हंडे घेऊन सरपंचाच्या दारात. मी स्वतः मागच्या दाराने पळालोय. त्या भीतीने पंप दुरुस्त होतो. तुमच्या अध्यक्षांच्या दारात कोण, काय घेऊन जाणार? पाणी कंपनीचं, कचरा डिस्ट्रिक्टचा, रस्ता काउंटीचा. भीतीच नाही, मग घाई कसली?

ओलाचिंब

वाळवेकरकाका, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही हंड्यात भरून दिलंत.

@हिशेबनीस, अजेंड्याचं मान्य. आजच ईमेल करतो. बाकी माझं मत तेच. हातात काही नाही म्हणून कुणी रागवत नाही, रागवत नाही म्हणून कुणी उभं राहत नाही, आणि कुणी उभं राहत नाही म्हणून वरचे म्हणतात, यांच्या हातात कशाला द्यायचं. @कारभारीण, तुमचं फावडं खरं आहे, पण ते फावडं तुमचं आहे, कौन्सिलचं नाही. कौन्सिल नसती तरी तुम्ही गेला असतात.

कारभारीण

गेले असते. पण मीठ नसतं. अकरा ईमेलांवर खाली कौन्सिलचं नाव होतं म्हणून ते आलं. माझ्या एकटीच्या नावाने पाठवले असते तर ऑटो-रिप्लाय जमवत बसले असते.

वेगाबद्दल मात्र तुमच्या कौन्सिलने आळस केला. पोलिसांकडून प्रशिक्षण घेऊन गावकरी स्वतः वेग मोजू शकतात, पिवळी जाकिटं घालून. दंड होत नाही, नुसतं पत्र जातं. आमच्याकडे पहिल्याच दिवशी सापडले ते आमचे उपाध्यक्ष. दुसऱ्या आठवड्यात सगळा रस्ता शहाणा झाला होता.

काकांच्या भीतीच्या मुद्द्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. विचार करते.

आणि ओलाचिंब, तुमच्याकडे तीन जागा रिकाम्या आहेत ना? कायमचा राहण्याचा परवाना असेल तर भारतीय पासपोर्टवरही सदस्य होता येतं, कॉमनवेल्थचे आहोत म्हणून. गावात बारा महिने राहिलेलं पुरतं. अर्ज कधी टाकताय?

ओलाचिंब

परवाना आहे. पण बैठक साडेसातला. ती मुलीची झोपायची वेळ.

फुकटचा_सल्ला

आलं ना उत्तर! म्हणून तिथे फक्त ज्यांची मुलं चाळिशीची आहेत तेच बसतात आणि बाकाचं तोंड फिरवतात.

हिशेबनीस

याबाबतीत सल्लागारांशी सहमत, जपून ठेवा हे वाक्य. कोविडमध्ये ऑनलाइन बैठकांची मुभा होती, तेव्हा आमच्याकडे दोन तरुण आया सदस्य झाल्या. ७ मे २०२१ पासून ती मुभा गेली, सगळ्यांनी पुन्हा हॉलमध्ये. दोघींनी सहा महिन्यांत राजीनामे दिले. हँडफर्थला जग हसलं, मी त्या दोघींना मुकले.

आणि दोन पातळ्यांचा कारभार मोडून सगळीकडे एकच मोठी कौन्सिल करायचं सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलंय. म्हणजे जिथे डिस्ट्रिक्ट आहेत तिथून ती जाणार, आणि गावाला जवळचं म्हणून पॅरिशच उरणार. मग बागा, स्वच्छतागृहं, असलं बरंच काही आमच्या गळ्यात येईल असं दिसतंय. बारा तासांत.

वाळवेकर

मग येतील हंडे.

ओलाचिंब

अपडेट. क्लार्कचं उत्तर आलं, चोवीस तासांच्या आत, हे नमूद करतो. कुंपण पुढच्या बैठकीच्या अजेंड्यावर घेतलंय, विषय क्रमांक अकरा. दहावा बाकाचा आहे.

बायको म्हणते मुलीला ती झोपवेल, मी जावं. डबा घेऊन जा म्हणाली.