कापाब्लांका–मार्शल १९१८: वजिराने घोडा का नाही मारला?

अडीचघर: मंडळी, न्यूयॉर्कचा हा डाव पटावर लावून बघतोय. रुय लोपेझ नावाची सुरुवात, पांढऱ्याकडून कापाब्लांका (कापा), काळ्याकडून मार्शल. आठव्या चालीला मार्शल डी५ करून प्यादं सोडतो आणि पंधराव्याला घोडा सरळ एफ२ वर घुसवतो. कापा तो वजिराने न मारता हत्ती ई२ वर आणतो, का?? मारला असता आणि उंट जी३ ला आला असता तर वजिराने एफ७ खाऊन शह, हत्तीने वजीर घेतला की आपला हत्ती ई८ वर आणि मात! आणि मार्शलने डी५ ची ही चाल कापाविरुद्धची १९०९ ची मॅच हरल्यापासून फक्त कापासाठी लपवून ठेवली होती म्हणतात, खरंय का?

काळी_मोहरी: तुझी मात बरोबर आहे, पण काळा लगेच जी३ ला येतच नाही ना. आधी उंट एच२ वर शह. राजाने उंट खाल्ला तर वजीर गेला, म्हणून राजा एफ१, आणि मग उंट जी३. आता एफ७ वर वजीर मारून बघ, हत्ती वजीर घेतो तोच मुळी शह देऊन, कारण राजा एफ फाइलवर (उभ्या रांगेत) आलाय. ई८ ला जायला वेळच नाही. हे सगळं कापाने घड्याळ चालू असताना शोधलं, समोरचा घरून तयारी करून आलाय हे माहीत असून प्यादं घेतलं. मला तर हा बचाव हल्ल्यापेक्षा भारी वाटतो.

पटवेडा: लपवून ठेवल्याची गोष्ट मस्त आहे पण टिकत नाही. १९१७ मध्ये वॉल्टर फ्रीअरविरुद्ध मार्शलने हेच खेळलेला डाव नोंदलेला आहे, आणि डी५ ची कल्पना तर १८९३ ला हवानामध्येच दिसली होती.

अडीचघर: अरे हो, तो मधला शह! धन्यवाद. म्हणजे काळ्याने हे खेळूच नये का? हरलाच की शेवटी, ३६ चालींत.

काळी_मोहरी: खेळ की, फक्त अकराव्याला घोडा एफ६ वर नेण्याऐवजी प्यादं सी६ कर, आता सगळे तेच करतात. २००४ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला आठव्या डावात लेकोने क्रामनिकला याच डी५ च्या हल्ल्यात (त्याला मार्शलच म्हणतात) काळ्याकडून हरवलं. अडचण वेगळीच आहे, समोरचा आठव्याला सी३ न करता ए४ किंवा एच३ करतो आणि तुझा सगळा अभ्यास घरीच राहतो 😄