विषय: गावतळ्यासाठी कुणाचा आवाज घ्यायचा?

प्रेषक: कार्यक्रम समिती

नमस्कार मंडळी,
यंदाच्या निधीतून बेळगाव भागातल्या एका गावतळ्याचा गाळ काढायला मदत करायचा विचार आहे. एखाद्या नामवंत मराठी अभिनेत्याचं छोटं आवाहन रेकॉर्ड करून घ्यावं, अशी सूचना आली आहे. त्या भागातल्या सभासदांनी मत कळवावं.

प्रेषक: खानापूरची एक सभासद

सर्वांना नमस्कार.
आवाहन जरूर घ्या. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये नाम फाउंडेशन काढली, तेव्हा दुष्काळाकडे कितीतरी लोकांचं लक्ष वळलं. पण २०१६ ची पानी फाउंडेशनची वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणी मुरवायच्या कामांची स्पर्धाही आठवा. आमिर खान आणि किरण राव मागे असूनही सुरुवात फक्त वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या ३ तालुक्यांतून झाली. गावांतली माणसं आधी प्रशिक्षण घेऊन आली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी कसं मुरवायचं, सलग समतल चर (उतारावर एकाच पातळीत खोदलेले लांब खड्डे) कुठे घ्यायचे हे शिकली, मग श्रमदान. आमिरच्या नावाने माणसं जमली, पण चर नीट पडले ते शिकलेल्यांमुळे. आपल्या आवाहनामागे असं काय उभं आहे?

आणि आपला जिल्हा एकसारखा नाही हो. मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीला पाऊस नुसता कोसळतो, अथणीकडे पाण्याची ओढ. २०१९ च्या उन्हाळ्यात तिकडे कृष्णा आटली, आणि ऑगस्टमध्ये तिच्याच काठची गावं पुरात गेली. येळ्ळूर, वडगावच्या शिवारात वेगळंच दुखणं: बळ्ळारी नाला तुंबतो आणि भात पाण्याखाली जातं. तिथे कुणी मोठा नट 'पाणी अडवा' म्हणाला तर शेतकऱ्याला राग येईल, आणि तो रास्त असेल.

मला सगळ्यात जास्त कळकळ आहे ती पुढच्या गोष्टीची. तळं मराठी आणि कन्नड, दोन्ही घरांचं असतं. कळसा-भांडुरासाठी, म्हणजे म्हादईच्या खोऱ्यातलं पाणी मलप्रभेत वळवायच्या योजनेसाठी, २०१५ मध्ये कन्नड कलाकार रस्त्यावर उतरले, तेव्हा पाण्याचा प्रश्न भाषेच्या अभिमानाला जोडला गेला. आपण नुसता मराठी आवाज नेला तर तसंच होईल. कन्नड अभिनेता यशने त्याच्या यशोमार्ग फाउंडेशनमधून कोप्पळ जिल्ह्यातल्या तल्लूरच्या तळ्याचा गाळ काढून घेतला होता. असा कन्नड आवाजही शोधा. दोन्ही एकत्र ऐकू आले तरच अख्खं गाव कुदळ घेऊन येईल.

प्रेषक: कार्यक्रम समिती

ताई, पटलं. पण कलाकारांच्या तारखा मिळेपर्यंत पावसाळा तोंडावर येईल.

प्रेषक: खानापूरची एक सभासद

म्हणूनच आवाजासाठी काम अडवू नका. आधी पंचायतीशी बोलून गाळ कुणाच्या शेतात टाकायचा ते ठरवा. शेतकरी स्वतःच्या ट्रॅक्टरने उचलणार असेल तर आपला पैसा जेसीबीच्या डिझेलला पुरेल. मुरूम लागला की खोदाई थांबवायची, नाहीतर तळं गळायला लागतं. हे बघायला जाणता माणूस तिथे हवा. पंचायतीला कन्नडमधून पत्र मी लिहून देते. उद्या पाठवते.