मदत हवी आहे: पर्वरीत डक्ट साफ करणारे खात्रीचे कुणी आहे का?

मांडवीकाठ
नमस्कार मंडळी. थोडी घाई आहे. पर्वरीच्या फ्लॅटमधले डक्ट, म्हणजे हवा वाहून नेणारे मार्ग, साफ करून हवे आहेत, तेही चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आत. पाहुणे उतरणार आहेत. एका कंपनीने फोनवर 'पूर्ण घर ९९९ रुपयांत' म्हणून सांगितलं. दोन मुलगे आले, जाळीतून मोबाइल आत घातला, काळं काहीतरी दाखवलं आणि म्हणाले, ही विषारी बुरशी आहे, ३२ हजार लागतील, निम्मे आत्ता द्या. मी त्यांना परत पाठवलं. दुसऱ्याने घर न बघताच ११ हजार सांगितले. दरांत एवढी तफावत असेल तर विश्वास कुणावर ठेवायचा? सासूबाईंना खोकला आहे म्हणून जास्त काळजी वाटते. कुणाकडे खात्रीचा नंबर असेल तर कृपया द्या.

सुलभा_म्हापसा
ताई, चिमणीच्या डक्टला एवढे पैसे मुळीच देऊ नका. जाळ्या गरम पाण्यात कॉस्टिक सोडा घालून भिजवायच्या, हातमोजे घालूनच. वरचा पाइप काढून आतलं मेण झालेलं तेल खरवडायचं. आमच्याकडे मासे रोज तळले जातात, तरी वर्षातून एकदा केलं की पुरतं.

फोंडेकर
सुलभाताई, त्या एसीबद्दल विचारताहेत असं वाटतं. मांडवीकाठ, जरा नीट सांगा. छतातून सगळ्या खोल्यांत जाणारा डक्ट आहे की फक्त हॉलमध्ये? किती जुना? वास येतो का? घर स्वतःचं की भाड्याचं? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

मांडवीकाठ
एसीचाच डक्ट. फॉल्स सीलिंगमधून हॉल आणि तीन खोल्या. घर स्वतःचं, पण रीसेलमध्ये घेतलं, त्यामुळे डक्टचं वय माहीत नाही. वास येतो. कृपया नंबर द्या, बाकीचं येणारा माणूस बघेलच ना.

वास्को_एचव्हीएसी
ताई, येणारा माणूस काय बघतो तेच तर तुम्हाला आधी माहीत हवं. मी हॉटेलांच्या एसीची कामं बघतो, घरची कामं घेत नाही, तेव्हा माझा यात काही फायदा नाही.

वास नेमका कधी येतो? सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं येऊन जातो, की सतत? सुरुवातीला येत असेल तर बहुतेक वेळा दोष कॉइलचा, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांचा, आणि खालच्या ड्रेन ट्रेचा असतो. तिथे पाणी साचतं, त्यावर शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो आणि ब्लोअर तोच वास सगळ्या घरात पोचवतो. डक्ट चकाचक केला तरी चार दिवसांत वास परत.

दुसरं, जाळीच्या कडेचं काळं म्हणजे प्रत्येक वेळी आतली बुरशी नव्हे. खिडक्या उघड्या ठेवून एसी लावला की पावसाळी हवेत जाळी घामेजते आणि ओल्या जाळीवर धूळ बसून काळी पडते. ओल्या फडक्याने पुसून बघा. मग जाळी उतरवा, टॉर्च लावून हात जाईल तेवढ्या आतला फोटो काढा आणि इथे टाका. त्या मुलांनी काढलेल्या फोटोवर जाऊ नका. तो कुठल्या घरातला आहे हे तुम्हाला कसं कळणार?

एडिसनची_मुक्ता
न्यू जर्सीत आमच्याकडे तर अशा फोनांचा सुळसुळाट आहे. स्वस्त दराने आत शिरायचं आणि मग बुरशीची भीती घालायची. इथल्या ईपीएचं, म्हणजे सरकारी पर्यावरण संस्थेचं म्हणणं स्पष्ट आहे: डक्ट साफ केल्याने आजार टळतात असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे दरवर्षी करत बसायची गरज नाही. आत डोळ्यांना दिसणारी बरीच बुरशी असेल, उंदीर-किडे असतील, किंवा धुळीने डक्ट तुंबून जाळीतून कण बाहेर पडत असतील, तरच करा. काळा डाग बुरशीच आहे असं कुणी म्हणालं तर नमुना लॅबमध्ये तपासून घ्यावा असंही ते सांगतात. आणि ईपीए कुठल्याही सफाई कंपनीला प्रमाणपत्र देत नाही. 'आम्ही ईपीए सर्टिफाइड' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

नाडका नावाची डक्ट साफ करणाऱ्यांची १९८९ सालची व्यावसायिक संघटना आहे, तिचे सभासद तिच्या साइटवर तपासता येतात. माझ्या मते तुमचे पैसे वाचवा, नुसता फिल्टर बदला.

वास्को_एचव्हीएसी
मुक्ताताई, नियम बरोबर आहेत, पण 'नुसता फिल्टर बदला' हे इथे चालणार नाही. तुमच्याकडे परतीच्या हवेलाही बहुतेक वेगळा डक्ट असतो. इथल्या कितीतरी फ्लॅटमध्ये तो नसतोच. मशीन फॉल्स सीलिंगच्या पोकळीतूनच हवा ओढतं. त्या पोकळीत सिमेंटची धूळ, पाली, उंदरांच्या लेंड्या, वरच्या बाथरूमची गळती, जे असेल ते सगळं हवेत येतं. त्यात जून ते सप्टेंबर हवेत कायम ओल.

एडिसनची_मुक्ता
मग पोकळी साफ करा की! डक्टचे ३२ हजार कशाला? मी तेच म्हणते आहे, कारण शोधल्याशिवाय सफाई नको.

वास्को_एचव्हीएसी
यावर आपलं एकमत आहे.

गावकर_काका
एवढं यंत्रांच्या नादी लागण्यापेक्षा दारं-खिडक्या उघडा, उन्हं येऊ द्या. संध्याकाळी कडुलिंबाचा पाला आणि ऊद घालून धुरी करा. आमच्या डिचोलीच्या घरात आजीच्या काळापासून चालत आलंय, कुबट वास राहत नाही.

फोंडेकर
काका, उन्हाचं पटलं. पण खोकला असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात धूर नको हो. माझ्या वडिलांना दमा होता, उदबत्तीचाही त्रास व्हायचा. ताई, खोकला एसी लावल्यावरच वाढतो की दिवसभर असतो? डॉक्टरांना दाखवलंय ना? डक्टच्या भरवशावर ते मागे टाकू नका.

गावकर_काका
त्यांना गच्चीत बसवून धुरी करावी, एवढंच माझं म्हणणं. पण डॉक्टरांचं पहिलं, हे कबूल.

कोलव्याची_रेवती
डीह्युमिडिफायर घ्या, हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र! आम्ही घेतल्यापासून कपाटातल्या साड्यांना वास नाही. सोबत छोटा आर्द्रतामापकही आणा. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे. टाकी मोठी बघा, नाहीतर पावसाळ्यात पाणी ओतून ओतून जीव जातो.

सुलभा_म्हापसा
चवथीचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते, माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं) सामान यंदा शुक्रवारच्या बाजारात कधीपासून येईल? सुपारीचे घोस मागच्या वेळी आदल्या दिवशी मिळालेच नाहीत.

मांडवीकाठ
सुलभाताई, माटोळीसाठी वेगळा धागा काढा ना, मीही येईन.

वास सुरुवातीलाच येतो, पण हॉलमध्ये बराच वेळ राहतो. जाळी पुसली, बरंचसं काळं निघालं. आत मात्र पत्र्याला आतून लोकरीसारखं काहीतरी चिकटवलेलं आहे, ते एका बाजूला ओलं आणि काळपट आहे. हॉलच्या फॉल्स सीलिंगला तिथेच पिवळा डाग आहे. आम्ही शारजाला असतो, फ्लॅट जूनपासून बंद होता. खोकला आम्ही इथे आल्यापासूनच आहे, डॉक्टरांकडे उद्या नेतो.

वास्को_एचव्हीएसी
बंद घर, पिवळा डाग आणि ओली लोकर! ही माहिती सगळ्यात महत्त्वाची होती, ताई.

आता डक्टवाल्याला बोलावूच नका. आधी एसीचा मेकॅनिक बोलवा. ड्रेन ट्रेमध्ये बादलीभर पाणी ओतायला सांगून ते बाहेर पडतं का ते समोर उभं राहून बघा. पाइपचा उतार उलटा असेल किंवा आत शेवाळ अडकलं असेल तर पाणी सीलिंगवरच उतरतं. पाणी नीट गेलं तर वरच्या मजल्याची गळती तपासा. तोपर्यंत एसी बंद, आणि सासूबाई हॉलमध्ये नकोत.

ती लोकर म्हणजे आतून लावलेलं इन्सुलेशन. त्यात बुरशी धरली की ते साफ होत नाही, तेवढा तुकडा काढून नवा घालावा लागतो. फवारा मारून 'झालं' म्हणणारा फसवतोय. मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होऊ शकते, ती बाहेरच काढायला हवी.

हे झाल्यावर उरलेल्या डक्टची सफाई. माणूस निवडताना माझी कसोटी एकच: तो पैशांच्या आधी मशीन उघडतो का? चांगला माणूस येऊन बघतो, जाळ्या मोजतो, ब्लोअर आणि कॉइल कामात धरलेत की नाही हे कागदावर लिहून देतो. कामाच्या वेळी बाकीच्या जाळ्या टेपने बंद करून एका टोकाला मोठा व्हॅक्यूम लावतो, म्हणजे आतली हवा त्याच्याकडेच ओढली जाते, आणि मग दुसऱ्या टोकाने ब्रश फिरवतो. व्हॅक्यूमला हेपा फिल्टर आहे का विचारा, नाहीतर बारीक धूळ परत तुमच्याच घरात. नुसता ब्लोअर मारणारा सगळं सोफ्यावर आणतो. तुमच्या घराएवढ्या कामाला अर्धा दिवस तरी मोडतो. त्याच जागेचे आधीचे-नंतरचे फोटो आणि जीएसटीचं बिल घ्या, मोठी रक्कम काम बघूनच द्या.

एडिसनची_मुक्ता
आणि रसायन फवारायचंच असेल तर सफाई पूर्ण झाल्यावर, नाव विचारून. सफाईच्या ऐवजी कधीच नाही.

फोंडेकर
कुणी आगाऊ पैसे घेऊन गायब झालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. त्यासाठीही बिल हवंच.

मांडवीकाठ
मेकॅनिक येऊन गेला. बादलीतलं पाणी ओतलं तर निम्मंही बाहेर गेलं नाही, सीलिंगमधून टपटप सुरू झाली. पाइपला मधेच झोळ पडला होता. आता उतार सरळ करून दिलाय. ओलं इन्सुलेशन परवा काढतील. डॉक्टरांनी औषध दिलंय आणि सासूबाईंना जावेकडे पाठवलंय. डक्टची सफाई चवथीनंतर करू, पाहुणे पंख्यावर राहतील. पण नंबर अजून कुणीच दिला नाही. देव बरें करूं सगळ्यांचं.

वास्को_एचव्हीएसी
पणजीतल्या एकाचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. त्यालाही आधी घर बघायला लावा, माझं नाव सांगून सूट मागू नका. शारजाला परत जाण्याआधी ट्रे कोरडा करून घ्या, आणि कुणी शेजारी किल्ली ठेवून घेणार असेल तर पावसाळ्यात आठवड्यातून एकदा घर उघडायला सांगा.

कोलव्याची_रेवती
मलाही व्यनि करा ना, मडगावला येतात का ते?