हैतीकडून उकळलेले पैसे फ्रान्सने परत करावेत का?

दर्यावर्दी
१७ एप्रिल १८२५ला फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने फर्मान काढलं: हैती या कॅरिबियनमधल्या जुन्या फ्रेंच वसाहतीने पाच हप्त्यांत १५ कोटी फ्रँक भरावेत, फ्रेंच जहाजांना जकात निम्मी करावी, मगच स्वातंत्र्य मान्य होईल. फर्मानापाठोपाठ १४ युद्धनौका हैतीच्या किनाऱ्याला लागल्या. पैसे जायचे होते ते मळे आणि गुलाम गमावलेल्या जुन्या मालकांना. ज्यांना साखळदंडांत राबवलं, त्यांनीच मालकांचं नुकसान भरून द्यायचं! आणि स्वातंत्र्य तर त्यांनी लढून घेतलेलं होतं. १७९१चा गुलामांचा उठाव, नेपोलियनच्या फौजेचा पराभव, हैतीचा सेनानी देसालिन याची १ जानेवारी १८०४ची स्वातंत्र्याची घोषणा, हे सगळं होऊन एकवीस वर्षं उलटली होती.

पहिला हप्ता ३ कोटींचा. तिजोरीत तेवढे नव्हते, म्हणून पॅरिसच्याच बँकवाल्यांकडून कर्ज काढलं. त्यांनी ६० लाख आधीच कापून घेतले. १८३८मध्ये उरलेली रक्कम ६ कोटींवर आणली गेली, पण एक कर्ज फेडायला दुसरं काढावं लागत होतं. ते ओझं पुरतं उतरायला १९४७ उजाडलं. माझ्या मते हे पैसे व्याजासह परत गेलेच पाहिजेत.

ताळेबंद
अन्याय झाला हे मान्य. पण हैतीच्या सगळ्या दुर्दशेला १८२५ हे एकच कारण, हे मला पटत नाही. भरपाईची तयारी दक्षिण हैतीचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष पेतियों याने १८१४मध्येच दाखवली होती. फर्मान स्वीकारणारा राष्ट्राध्यक्ष ब्वाये हैतीचाच, आणि पुढच्याच वर्षी शेतमजुरांना मळ्यांना जखडणारा कायदा त्यानेच केला. १९५७ ते १९८६ हुकूमशहा दुव्हालिए बाप-लेकांनी देश लुटला, तो पॅरिसच्या हुकमाने नव्हे. आज राजधानीचा मोठा भाग टोळ्यांच्या ताब्यात आहे. अब्जावधी युरो कुणाच्या हाती द्यायचे?

दर्यावर्दी
पेतियोंने बोलणी केली ती फ्रान्स पुन्हा चाल करून येईल या धास्तीने. ब्वायेसमोर तर तोफाच होत्या. त्याचा शेतमजूर कायदा जुलमीच होता, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण तो का आला ते बघा: हप्ते भरायचे तर निर्यात वाढवायला हवी होती. पुढे दशकानुदशकं कॉफीवरच्या करातून हे देणं फेडलं गेलं, म्हणजे डोंगरातल्या लहान शेतकऱ्याच्या घामातून. त्या पैशांतून शाळा झाल्या असत्या, रस्ते झाले असते. चोर नंतरही आले, म्हणून पहिली चोरी माफ होते का?

कोकणकडा
दर्यावर्दींच्या बाजूने एक भर. फ्रान्सने १८४८मध्ये उरलेल्या वसाहतींतली गुलामगिरी संपवली आणि १८४९च्या कायद्याने नुकसानभरपाई दिली, ती पुन्हा मालकांनाच. मुक्त झालेल्यांच्या हाती काही पडलं नाही. मालकाचं नुकसान पैशांत मोजता येत होतं, तर हैतीचंही मोजता येईल. हैतीचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद याने २००३मध्ये २१ अब्ज डॉलरहून मोठा आकडा मांडला. फेब्रुवारी २००४मध्ये त्याला पद आणि देश दोन्ही सोडावे लागले. २०१५मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओलांद यांनी ग्वादलूप या कॅरिबियनमधल्या फ्रेंच बेटावर हैतीचं ऋण फेडण्याची भाषा केली, आणि लगेच खुलासा आला की ते ऋण नैतिक आहे. एप्रिल २०२५मध्ये मॅक्रॉन यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचा संयुक्त आयोग जाहीर केला, त्यातही रकमेचं वचन नाही.

ताळेबंद
१८४९चा मुद्दा बिनतोड आहे. तरी आजचा फ्रेंच करदाता सहा-सात पिढ्यांपूर्वीच्या राजाचं देणं का फेडेल? त्यातले कित्येक तर स्वतःच जुन्या वसाहतींतून आलेल्यांची मुलं-नातवंडं आहेत. आणि माझा आधीचा प्रश्न तसाच उभा आहे. जुलै २०२१मध्ये हैतीचे राष्ट्राध्यक्ष मोईझ यांची हत्या झाल्यापासून लोकांनी निवडून दिलेला राष्ट्राध्यक्षच त्या देशाला नव्हता. मग पावती कोण देणार?

दर्यावर्दी
हैतीने तरी वेगळं काय केलं? राजवटी बदलल्या, राष्ट्राध्यक्ष मारले गेले, १९१५ ते १९३४ अमेरिकी फौजांचा अंमल होता, तरी कर्ज राष्ट्राच्या नावावरच राहिलं आणि पुढच्या पिढ्यांनी फेडलं. जो नियम हैतीला लावला तोच फ्रान्सला लावा. रक्कम आधी मान्य करा आणि वेगळ्या निधीत ठेवा. पाणी, दवाखाने, शाळा यांवर ती कशी खर्चायची हे हैतीच्या लोकांनी निवडलेलं सरकार आलं की ते ठरवील. घेणारा अडचणीत आहे म्हणून देणेकऱ्याने वही मिटायची, हे मला मान्य नाही.